पाहुणा कोणाकडचा

घटनेचे ठिकाण : जालना जिल्ह्यातील एक सरकारी रुग्णालय, महिला शस्त्रक्रिया कक्ष, खिडकीकडील खाट.
दिवस : तुरीची सोंगणी चालू असतानाचा एक आठवडी बाजाराचा दिवस, भेटीची वेळ.
फिर्यादी : भोकरदन तालुक्यातील एक शेतकरी महिला, रुग्णाची सासू.
संशयित : रुग्णालयातील कंत्राटी महिला सुरक्षा रक्षक.
साक्षीदार : रुग्णाचे वडील, राहणार अंबड तालुका; शेजारच्या खाटेवरील आजीबाई, उजवा हात प्लास्टरमध्ये; कक्षातील सफाईचे काम करणाऱ्या मावशी.
गेला माल : मंगळसूत्र व कानातले, एका रुमालात बांधलेले.
तपासी अंमलदार : प्रस्तुत लेखक.

नावे मुद्दाम लिहिलेली नाहीत. ज्यांची होती त्यांना ती माहीत आहेत आणि इतरांना त्यांचा उपयोग नाही. बाकी मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा आहे.

मी पोलीस खात्यातून सहायक फौजदार या पदावरून स्वेच्छानिवृत्ती घेतली. गुडघ्याने साथ सोडली, पण वय बसून खाण्याचे नव्हते, म्हणून हल्ली अंबडला न्यायालयाच्या फाटकासमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहितो. शिक्षण दहावीपाशी थांबले असले तरी माझ्या हातचा अर्ज ‘मजकूर समजत नाही’ असा शेरा होऊन परत आल्याचे आजपर्यंत कोणी दाखवून दिलेले नाही. हे सांगण्याचे कारण एवढेच की, लेखी देण्याचे महत्त्व मला कोणी शिकवण्याची गरज नाही. तरीही पुढील मजकूर काही अंशी लिहिण्याच्या विरोधात जाणार आहे. वाचकांनी तो पूर्ण वाचून मगच मत बनवावे.

नोकरीत खुनाचे आणि दरोड्याचे तपास मी केले. त्यांतले पुष्कळसे आता मनात एकमेकांत मिसळून गेले आहेत. ही रुमालाची गोष्ट मात्र वेगळी राहिली. एखाद्या रुग्णालयाच्या दारावरून एस.टी. गेली तरी ती समोर उभी राहते आणि अजूनही छातीवरचे ओझे उतरल्यासारखे वाटते.

त्या काळात रुग्णालयाच्या आवारातील पोलीस चौकीचा मी प्रमुख होतो. चौकी म्हणजे एक खोली, एक टेबल, दोन खुर्च्या आणि रात्रंदिवस येणारे एम.एल.सी.चे कागद. अपघात, मारहाण, विषबाधा अशा रुग्णांची पोलिसांना दिली जाणारी खबर म्हणजे एम.एल.सी. ती खबर तत्काळ येत असे, कारण तसा नियमच आहे. पण रुग्णालयाच्या आत काही घडले, कोणाची वस्तू गेली, कोणी सिस्टरला शिवीगाळ केली, तर ती खबर कोणी, कोणाला आणि केव्हा द्यायची याचा नियम कोणालाही धड ठाऊक नव्हता.

घडले ते असे. फिर्यादीच्या सुनेच्या पोटात दुखू लागले म्हणून तिला भोकरदनकडून आणले. अपेंडिक्स निघाले. ऑपरेशन त्याच दिवशी ठरले. लग्नाला वर्षही झाले नव्हते. ऑपरेशनला नेताना अंगावर दागिना ठेवता येत नाही, तसे दारावरच्या महिला सुरक्षा रक्षकाने सासूला सांगितले. सासूने सुनेचे मंगळसूत्र आणि कानातले काढून रुमालात गाठ मारून उशीखाली ठेवले. सुनेला आत नेल्यावर सासू औषधांच्या दुकानाकडे पळाली. सुनेला परत आणून खाटेवर निजवले आणि शुद्धीवर येताच तिचा हात गळ्याशी गेला. सासूने उशी उचलली. रुमाल नव्हता.

ऑपरेशनच्या दिवशी नव्या सुनेचे मंगळसूत्र हरवले तर गावाकडे त्याचा काय अर्थ लावतात, ते लिहायला नको. सासू भिंतीशी बसून राहिली. मुलीचे वडील कक्षात येरझाऱ्या घालू लागले. कोणीतरी म्हणाले की, डॉक्टरांच्या राउंडला सगळ्यांना बाहेर काढले तेव्हा आत एकटी गार्डबाई होती आणि ती त्या खाटेशी वाकलेली दिसली होती. झाले. त्या एका वाक्यावर संशयित ठरली.

माझी चौकी त्या कक्षापासून हाकेच्या अंतरावर होती. तिथे कोणीही आले नाही. नातेवाइकांनी सिस्टरला सांगितले, सिस्टरने इन्चार्ज सिस्टरला, इन्चार्ज सिस्टरने ड्युटीवरच्या डॉक्टरांना, डॉक्टरांनी अधीक्षकांना. अधीक्षकांच्या कार्यालयात पत्र टाइप झाले, त्यावर जावक क्रमांक पडला आणि ते पत्र गावाच्या दुसऱ्या टोकाला पोलीस ठाण्यात गेले. ठाणे अंमलदाराने ते वाचून ‘चौकीकडे वर्ग’ असा शेरा मारला. दुसऱ्या दिवशी पत्र माझ्या टेबलावर पडले, तेव्हा चोर आपल्या घरी जेवून, झोपून, उठून पुन्हा जेवला असेल.

मी प्रथम महिला सुरक्षा रक्षकाला चौकीत बोलावले. सोबत महिला शिपाई बसवली. रक्षक चाळिशीची, सडपातळ, गणवेशाची बटणे गळ्यापर्यंत लावलेली. नवरा सेंट्रिंगच्या कामावर पडल्यापासून घरी होता आणि चूल हिच्या पगारावर पेटत होती. ती रडली नाही, याची मी मनात नोंद घेतली. रडणारा निर्दोष असतो असे नाही आणि न रडणारा दोषी असतो असेही नाही. पण जी व्यक्ती रागावते, तिचे नीट ऐकून घ्यावे, हा माझा अनुभव आहे.

“खाटेशी वाकल्या होत्या का?” मी विचारले.

“वाकले होते. चादर खाली लोळत होती, ती वर टाकली. उद्यापासून चादर लोळत असंल तर लोळू द्यायची का, ते बी लिहून घ्या, साहेब.”

महिला शिपायाने तोंड फिरवून हसू लपवले.

“घराची झडती घ्यावी लागेल.”

“घ्या. आत्ता चला. फक्त एक करा. चोरी झाली हे सगळ्यांसमोर सांगितलं ना, तसं झडतीत काही न्हाई निघालं हे बी सगळ्यांसमोर सांगा. नुसतं कागदावर लिहून ठेवू नका. कागद कोण वाचतंय.”

झडती घेतली. काही निघाले नाही. मी ते कक्षाच्या दारात उभे राहून मोठ्याने सांगितले, पण लोकांच्या चेहऱ्यांवरून दिसत होते की, तेवढ्याने भागलेले नाही. कंत्राटदाराचा सुपरवायझर दुपारी चौकीत येऊन खुर्ची ओढून बसला.

“साहेब, तुम्ही फक्त संशयित एवढं लिहा. बाकी आमचं आम्ही बघतो. युनिफॉर्म जमा करून घेतो, विषय संपला.”

“चोर सापडला नाही, तर विषय संपला कसा?”

“बोंब तर संपली ना,” तो म्हणाला.

अधीक्षक सज्जन होते, पण त्यांच्यावरही वरून दबाव होता. त्यांनी मला येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत मुदत दिली. तोवर काही निष्पन्न झाले नाही, तर रक्षकाला काढणे भाग आहे, असे त्यांनी सांगितले. चोरीचा डाग घेऊन रुग्णालयाबाहेर पडलेल्या बाईला शेतातल्या निंदणीलासुद्धा कोणी बोलावत नाही, हे त्यांना आणि मला सांगायची गरज नव्हती. मी एकच विनंती केली की, मुदत संपेपर्यंत तिला मोठ्या फाटकावर ठेवावे. ती मान्य झाली.

त्यानंतर मी कक्षात जाऊन प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. त्या दिवशी खाटेपाशी कोणी परका माणूस आला होता का? सासू म्हणाली, “न्हाई साहेब, आपलेच पाहुणे आल्ते.” मुलीचे वडील म्हणाले, “बाहेरचं बिलकुल कोणी न्हाई. आपलीच माणसं.” मावशींनीही तेच सांगितले. सगळे खरे बोलत होते आणि तरीही काहीतरी बसत नव्हते. मी निघण्याच्या बेतात असताना शेजारच्या खाटेवरील आजीबाईंनी प्लास्टरचा हात उशीवर ठेवून मला हाक मारली.

“जयभीम, साहेब. मला न्हाई इचारलं तुम्ही.”

“जयभीम, आजी. बोला.”

त्या माझ्याशी न बोलता पलीकडच्या सासूला म्हणाल्या, “बाई, तुमचे पाहुणे तालेवार दिसले, पण लई चिक्कू निघाले बरं का.”

“कोणते ओ?” सासूचा आवाज चढला.

“तेच की, पांढऱ्या कपड्याचे, टोपीवाले. मोसंब्यांची पिशवी गच्च भरून आणली. खाटेशी बसले, हळहळले, चहा पेले. अन् उठताना पिशवी तशीच गच्च घेऊन गेले. एक फळ न्हाई ठेवलं पोरीच्या उशाशी. मला वाटलं, मोसंबी दाखवायला आणल्तीत का काय.”

“ते आमच्यातले न्हाईत,” सासू फणकाऱ्याने म्हणाली. “ते हिच्या माहेरचे. आमच्याकडं असं न्हाई करत कोणी.”

मुलीचे वडील दारात उभे होते. ते आत आले.

“काय म्हणता, विहीणबाई? माहेरचे? मी तुमचे मोठे दीर समजून त्यांना चहा पाजला. वर पान आणून दिलं.”

“माझे दीर? माझ्या दिराला तुम्ही लग्नात पाह्यलंय की.”

“लग्नात माणसं कमी होती का? टोपी घातली की सगळे सारखेच दिसतात.”

“मंग त्यांनी मला म्हटलं कसं, वहिनी, तुम्ही औषधं आणा जल्दी, मी बसतो पोरीच्या सामानापाशी?”

हे वाक्य तिच्या तोंडून निघाले आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिले, मग उशीकडे. आजीबाई म्हणाल्या, “आता कळलं का मोसंबी कशापायी परत गेली?”

मी तिथेच स्टुलावर बसलो. बाहेरचा माणूस आला होता का, असे मी विचारत होतो, आणि सगळे आपापल्या परीने बरोबर उत्तर देत होते. तो बाहेरचा नव्हता. तो पाहुणा होता. आमच्या भागात आजाऱ्याला भेटायला आलेल्या माणसाला ‘तुम्ही कोण’ असे कोणी विचारत नाही. तसे विचारणे म्हणजे त्याला उठवून लावणे. त्यातही नवीन सोयरीक असेल तर माहेरचे लोक सासरच्यांना पुरते ओळखत नाहीत, सासरचे माहेरच्यांना ओळखत नाहीत, आणि ओळखत नाही हे कबूल करणे दोघांनाही कमीपणाचे वाटते. जो माणूस समोर बसून ‘आता कसंय’ विचारतो, तो पलीकडच्या बाजूचा असणार, असे धरून दोन्ही बाजू त्याचा मान राखतात. चोराने कुलूप तोडले नव्हते. आमच्याच चांगुलपणाच्या दारातून तो आत आला होता, आणि गर्दीचा दिवस व नव्या सोयरिकीची खाट त्याने निवडून घेतली होती.

राउंडच्या वेळी रक्षकाने सगळ्यांना बाहेर काढले, त्याआधीच रुमाल मोसंब्यांखाली गेला होता. रक्षकाने चादर उचलली, तेव्हा उशीखाली काहीच शिल्लक नव्हते.

मग मी इतर कक्षांतून फिरलो. चौकशी केली तसे एकेक बाहेर येऊ लागले. कोणाचा मोबाइल गेला होता, कोणाची पाकिटासकट पिशवी, एका म्हाताऱ्याचे चांदीचे कडे. एकाचीही खबर माझ्याकडे आली नव्हती. का, असे विचारल्यावर म्हाताऱ्याच्या मुलाने मला सरळ सांगितले, “साहेब, बाप आजारी. त्याला बघू का तुमच्या जबाबाला येऊ? आधी तिथं लिहून द्या, मंग ठाण्यात या, मंग कोर्टात या. कडं गेलं ते गेलं, वरून खर्चा कोण करील.” मावशींचे म्हणणे आणखी सरळ होते. “म्या सांगावं अन् मलाच धरावं. गार्डबाईचं काय झालं, पाह्यलं की सगळ्यांनी.”

हे ऐकून मी अधीक्षकांच्या दालनात गेलो.

“साहेब,” मी म्हणालो, “रुग्णालयात काही घडलं तर ते घडत असतानाच कळलं पाहिजे. एकच फोन ठेवा. तो सतत चौकीत किंवा ड्युटीवरच्या अंमलदाराच्या हातात राहील. नंबर प्रत्येक कक्षाच्या दारावर रंगवून घ्या.”

“घटना लेखी कळवण्याची पद्धत आहे आपल्याकडे,” अधीक्षक म्हणाले. “तोंडी गोष्टीला आधार काय? उद्या कोणी काहीही सांगेल.”

“लेखी राहू द्या, साहेब. लेखीला माझा विरोध असूच शकत नाही. पण लेखी नंतर. आधी तोंडी. पत्र आलं तेव्हा मला फक्त चोरी कळली. फोन आला असता तर मला चोर कळला असता.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “आणि खोटे फोन आले तर?”

“येतीलच. ते आले तरच खरा येईल.”

त्यांनी होकार दिला. पेंटर बोलावून दारांवर तैलरंगाने ठळक आकडे काढून घेतले. मी प्रत्येक कक्षात जाऊन सिस्टर, मावशी आणि नातेवाईक यांच्यासमोर खुलासा केला. फोन करणाऱ्याला नाव विचारले जाणार नाही. त्याला ठाण्यात बोलावले जाणार नाही. जबाब लागला तर मी खाटेशी येऊन घेईन. खबर चुकीची निघाली तरी कोणी रागावणार नाही. आणि सांगायचे फक्त एवढे : काय झाले, कुठे झाले, माणूस कोणत्या दाराकडे गेला. भेटायला आलेला माणूस भरलेली पिशवी भरलेलीच घेऊन निघाला, तरी फोन करायचा, असेही सांगितले. तेव्हा लोक हसले. पण ते लक्षात सगळ्यांच्या राहिले.

पहिले फोन जसे यायचे तसेच आले. कॅन्टीनपाशी कुत्रे वडे पळवत होते, त्याचा एक. दोन भावांत आईजवळ कोण थांबणार यावरून वाद पेटला, त्याचा एक. तो मात्र वेळेवर आला, हाणामारी होण्याआधी मी मध्ये उभा राहिलो. मग मावशींचा फोन आला, भरलेली पिशवी चालली आहे. मी कळवल्यावरून फाटकावर रक्षकाने त्या गृहस्थाला अदबीने थांबवले. ते निघाले दुसऱ्याच एका रुग्ण मुलीचे सख्खे मामा.

“सख्ख्या मामाला चोर म्हणता का तुम्ही?” त्यांनी फाटक डोक्यावर घेतले. “भाचीच्या लग्नात मी मांडवात उभा होतो. तिथं कोणी न्हाई अडवलं मला. डाक्तर म्हणला, पोरीला फळ द्यायचं न्हाई अजून, म्हणून परत घेऊन चाललो. आता फळं फेकून देऊ का नाल्यात?”

मी त्यांना चौकीत नेले, माझ्या खुर्चीवर बसवले, चहा मागवला आणि सगळे प्रकरण समजावून सांगितले. ते निवळले. जाताना म्हणाले, “बराबर करून राह्यले तुम्ही. पण मामाला आधी मामा म्हणत जा, मंग अडवा.” ही सूचना योग्य होती, मी ती रक्षकाला दिली.

मावशी मात्र कोपऱ्यात उभ्या होत्या. “आता फोन करावा का नको, साहेब?” मी सगळ्या कक्षासमोर त्यांचे आभार मानले आणि सांगितले की, करावा, अशीच पिशवी दिसली तर पुन्हा करावा. पोलीस खात्यातल्या माझ्या बांधवांना हे मुद्दाम सांगतो. पहिली चुकीची खबर देणाऱ्याला जो अधिकारी झापतो, त्याला दुसरी खबर कधीच मिळत नाही, आणि खरी खबर बहुतेक वेळा दुसरी असते.

बाजाराचा दिवस उजाडला. मुदतीचा शेवटचा दिवस. सुपरवायझर सकाळपासून आवारात मोटारसायकलवर बसून होता. बाजाराला आलेले लोक आजाऱ्यांना भेटून जातात, त्यामुळे रुग्णालयात जत्रेसारखी गर्दी होती. भेटीची वेळ संपत आली तेव्हा फोन वाजला. पुरुष कक्षातून कोणीतरी, आजही मला माहीत नाही कोण, घाईने बोलले : “पुरुषांचा वॉर्ड. पांढरा सदरा, टोपी. पिशवी गच्च. मोठ्या फाटकाकडं.” फोन बंद झाला.

मी फाटकावर कळवले आणि गुडघ्याची पर्वा न करता निघालो. फाटकापाशी पोहोचलो तेव्हा रक्षक त्या माणसासमोर वाट अडवून उभी होती आणि तिचा आवाज अगदी गोड होता.

“मामा, कोणाला भेटून आले?”

“भाच्याला. पाय मोडलाय बिचाऱ्याचा.”

“कोणाकडचे भाचे?”

“लांबचा हाय ओ. आता नातं काय सांगत बसू रस्त्यात.”

“लांबचा का असंना, नाव तर असंलच ना पोराला.”

तो इकडे तिकडे पाहू लागला. दोनचार माणसे थांबली.

“पिशवी द्या मामा, जड हाय. रिक्षापर्यंत आणून देते.”

“नको, नको. मोसंबी हायेत नुसती.”

“मंग एक द्या की. भाच्याला न्हाई दिलं, भाचीला द्या.”

लोक हसले. त्याने पिशवी छातीशी धरली आणि नेमका त्याच क्षणी पिशवीत मोबाइल वाजू लागला. पुरुष कक्षात एका रुग्णाला आपला फोन दिसेना, म्हणून त्याने शेजाऱ्याच्या फोनवरून स्वतःच्याच नंबरवर लावला होता. मोसंब्यांच्या तळाशी गाणे वाजत राहिले. तो माणूस पळाला नाही. त्याने पिशवी खाली ठेवली आणि स्वतःही तिच्याशेजारी बसला. दोन पंचांसमक्ष पिशवी उघडली. वरची मोसंबी सुकून सुरकुतली होती. एवढे दिवस तीच पिशवी हिंडत होती.

ठाण्यात त्याची चौकशी करताना मला हात उचलावा लागला नाही. त्याने स्वतःच रीतसर सांगितले. बायको आजारी असताना तो रुग्णालयात राहिला होता. “तव्हाच कळलं, साहेब. खाटेशी बसलेल्या माणसाला कोणी उठवत न्हाई. चहा देतात. जेवायला थांबा म्हणतात. मला आजवर कोणी एका शब्दानं न्हाई इचारलं की तू कोण.” थोड्या वेळाने म्हणाला, “आज बाईनं इचारलं.” बायको वाचली की नाही, हे मी विचारले नाही. विचारायला हवे होते की नको, ते मला अजूनही ठरवता आलेले नाही.

मंगळसूत्र त्याच्या घरी ज्वारीच्या डब्यात मिळाले, रुमालाची गाठसुद्धा तशीच. सोनाराने पावती मागितल्याने ते विकले गेले नव्हते. म्हाताऱ्याचे कडेही तिथेच होते. मुद्देमाल जप्त करून न्यायालयाच्या आदेशाने ज्याचा त्याला सुपूर्द केला. सुपरवायझरने त्या दिवशी गणवेश मागितला नाही. तो मोटारसायकल सुरू करून निघून गेला. अधीक्षकांनी फाटकापाशी येऊन, रक्षकाने मागितले होते तसे, सगळ्यांसमोर तिचे नाव घेऊन सांगितले की, तिचा काहीही दोष नव्हता. ती फक्त म्हणाली, “बरं झालं, साहेब,” आणि पुढच्या रिक्षाला बाजूला घेण्यासाठी तिने हात केला. मला त्या क्षणी बसावेसे वाटले, पण बसण्यासारखी जागा तिथे नव्हती.

सून बरी होऊन टाके काढायला आली, तेव्हा गळ्यात मंगळसूत्र होते. सासूच्या हातात मोसंब्यांची पिशवी होती. ती रक्षकासमोर येऊन उभी राहिली. मग तिने पिशवी उलटी करून सगळी मोसंबी रक्षकाच्या टेबलावर ओतली, पिशवी झटकली, रिकामी आहे हे दाखवल्यासारखी, आणि घडी घालून काखेत मारली.

“आमच्या शेतातली हायेत,” ती म्हणाली. “पोराबाळांना द्या.”

“तुमच्या सुनेला ठेवा की थोडी,” रक्षक म्हणाली.

“तिला हायेत घरी. तुम्ही खा. अन् मला माफ करा, असं म्हणायला आल्ते, पण ते बोलायला जमून न्हाई राह्यलं.”

“बोललात की आता,” रक्षक म्हणाली, आणि दोघी हसल्या. एक मोसंबे टेबलावरून घरंगळत माझ्या पायाशी आले. मी ते उचलून खिशात टाकले. माझ्या नोकरीत मी स्वीकारलेले ते एकमेव फळ, आणि त्याचा खुलासा करण्यास मी आजही तयार आहे.

या प्रकरणाने मला काय शिकवले, ते थोडक्यात नमूद करतो. रुग्णालयातली माणसे वाईट नसतात, ती घाईत आणि भीतीत असतात. त्यांना जे दिसते ते त्यांना कळत नाही असे नाही. सांगितल्यावर आपल्यालाच धरतील, म्हणून ती गप्प बसतात. कॅमेरे बसवा, पहारे वाढवा, त्याला माझी ना नाही. पण जोवर मावशीला, आजीला, रुग्णाच्या भावाला त्याच क्षणी निर्भयपणे बोलता येत नाही, तोवर खबर पत्रातून येत राहणार, आणि पत्र येईपर्यंत कोणीतरी निर्दोष माणूस चोर ठरून बसणार. आणि कागद माझा पोटाचा धंदा असूनही मी हे लिहून देतो की, घटनेची पहिली नोंद कागदावर नको, कानावर हवी. कागद तिच्या मागून येऊ द्या. तो आम्ही उत्तम लिहू.

सबब, या लेखाद्वारे जिल्ह्यातील सर्व रुग्णालयांच्या प्रमुखांना नम्र विनंती करण्यात येते की, आपल्याकडे असा एक नंबर आहे काय, तो दारावर वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात आहे काय, आणि तो उचलणारा माणूस फोन करणाऱ्याला आधी नाव विचारतो की आधी ऐकून घेतो, याचा खुलासा व्हावा. आयुष्यात प्रथमच मी लेखी उत्तराची मागणी करीत नाही. भेटीच्या वेळेत एखाद्या दिवशी मी स्वतः तो नंबर लावीन. पलीकडून कोणी ‘बोला’ म्हणाले, तर तेच माझ्या अर्जाचे उत्तर समजेन.

कळावे.

अर्जदार,
निवृत्त सहायक फौजदार, हल्ली अर्जलेखक,
न्यायालयाच्या फाटकासमोर, अंबड.